साव्होनारोला : वाणी आणि वणवा

आमच्या घरी वाद्याला चुकून पाय लागला, तर तत्काळ वाकून नमस्कार करण्याची रीत होती. वडील बडोद्याच्या दरबारचे कलावंत. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि दरबार संपला, तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण तंबोऱ्याची गवसणी काढताना वडिलांचा हात आधी कपाळाकडे जाई, तो अखेरपर्यंत. अशा घरात वाढलेल्या माझ्यासारख्या गायनमास्तराने जेव्हा प्रथम वाचले की, इटलीतल्या एका संपन्न शहरात, भर चौकात, लोकांनी भक्तिगीते गात गात वाद्ये होळीत टाकली, तेव्हा त्या होळीमागच्या माणसाविषयी मनात पहिली भावना उठली ती संतापाची होती.

त्या माणसाचे नाव जिरोलामो साव्होनारोला. पुढे मिळेल तेथून त्याचे चरित्र वाचीत गेलो. संताप पुरता गेला असे म्हणणार नाही. परंतु त्याच्या शेजारी आदरही येऊन बसला, आणि त्या दोघांचे भांडण माझ्या मनात अजून मिटलेले नाही. हाती सैन्य नाही, पैसा नाही, राज्याचे कोणतेही पद नाही. केवळ वाणीच्या बळावर या संन्याशाने १४९४ च्या अखेरीपासून सुमारे साडेतीन वर्षे फ्लॉरेन्ससारखे शहर आपल्या मागे चालवले. आणि ज्या लोकांना त्याने रडवले होते, त्यांच्याच डोळ्यांदेखत तो जाळला गेला. असे का झाले, हे समजून घेण्याचा हा एक प्रयत्न.

दरबारी वैद्याचा नातू

साव्होनारोलाचा जन्म २१ सप्टेंबर १४५२ रोजी फेरारा येथे झाला. फेरारा हे एस्ते घराण्याचे राजधानीचे शहर. राजवाडा, मेजवान्या, शिकारी, गवई, कवी, सारा थाट दरबारी. जिरोलामोचा आजोबा मिकेले हा मूळचा पादुआचा नामांकित वैद्य. एस्ते दरबाराने त्याला सन्मानाने आणून ठेवले होते. म्हणजे हा मुलगा दरबाराच्या अंगणातच वाढला म्हणायचा. आपल्याकडच्या जुन्या घरांतील मंडळींना हे वातावरण वेगळे सांगायला नको. दरबाराच्या छायेतल्या घरांत दोन प्रकारची मुले निपजतात. काहींना त्या झगमगाटाची कायमची भूल पडते, काहींना कायमचा वीट येतो. जिरोलामो दुसऱ्या जातीचा. आजोबांची इच्छा म्हणून वैद्यकाकडे वळलेला हा तरुण एकांतात धर्मग्रंथ वाची आणि जगाच्या अधःपाताविषयी कविता लिही. शेजारच्या एका मुलीला त्याने मागणी घातली होती आणि ती तुच्छतेने नाकारली गेली, असेही त्याचे जुने चरित्रकार सांगतात.

२४ एप्रिल १४७५ या दिवशी, घरची माणसे उत्सवाला गेलेली असताना, तो कोणाला न सांगता घरातून निघाला आणि बोलोन्याच्या डोमिनिकन मठात जाऊन संन्यासी झाला. आदल्या दिवशी तो ल्यूट घेऊन बसला होता. ल्यूट हे वीणेच्या जातीचे तंतुवाद्य. त्यावर त्याने इतके उदास काही वाजवले की, ही ताटातुटीची खूण आहे हे आईने ओळखले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मला ती विसरता येत नाही. बावीस वर्षांनी ज्याच्या शब्दाखातर असलीच वाद्ये आगीत पडली, त्याने घराचा निरोप घेतला तो त्याच वाद्यावर!

पंचवीस श्रोते

१४८२ साली त्याच्या संघाने त्याला फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात पाठवले. हा मठ मेदिची घराण्याने पैसा ओतून नव्याने बांधून दिलेला. त्याच्या खोल्याखोल्यांत फ्रा अँजेलिको या साधुचित्रकाराची भित्तिचित्रे आजही आहेत. शहरावर सत्ता लोरेन्झो मेदिचीची. नावाला प्रजासत्ताक, कारभार एका घराण्याचा. लोरेन्झो स्वतः कवी, गुणीजनांचा चाहता. चित्रकार, पंडित, गवई यांना त्याच्या घरी मुक्तद्वार. फ्लॉरेन्सच्या लोकांचे कान त्यामुळे चोखंदळ झालेले होते. वाक्य कसे वळते, लॅटिन वचन कोठे पेरले जाते, हात केव्हा उचलला जातो, हे तेथे रसिकतेने पाहिले जाई.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती लोक व्रतस्थ राहतात. आपल्याकडे चातुर्मासात देवळोदेवळी पुराणे-कीर्तने लागतात, तशी त्या दिवसांत तेथे प्रवचने लागत. १४८४ साली सान लोरेन्झोच्या चर्चमध्ये साव्होनारोलाची प्रवचने झाली, ती साफ पडली. आवाज लहान आणि रखरखीत, उच्चार फेराराकडचे, हातवारे ओबडधोबड. गर्दी ओसरत गेली आणि शेवटी बायकामुले धरून पंचवीस माणसेही उरली नाहीत, असे सांगतात. त्याच काळात मारियानो दा जेनात्सानो हा गोड गळ्याचा, घोटीव भाषेचा प्रवचनकार गावाच्या माना डोलवत होता.

गायनमास्तर म्हणून मला या पडझडीत फार रस वाटतो. गळा चांगला नसलेला विद्यार्थी माझ्याकडे येतो, तेव्हा त्याला मी दुसऱ्याच्या गोडव्याची नक्कल करू देत नाही. तुझ्या आवाजात काय आहे ते शोध, असे सांगतो. साव्होनारोलाने नेमके हेच केले. १४८५ आणि १४८६ या दोन वर्षी सान जिमिन्यानो या लहानशा गावी त्याची प्रवचने झाली. तेथे त्याला आपला षड्ज सापडला. अलंकार त्याने टाकले, पंडिती टाकली आणि तीनच गोष्टी सांगायला आरंभ केला : चर्चला शिक्षा होणार, त्या शिक्षेतून चर्च शुद्ध होणार, आणि हे सारे लवकरच घडणार. पुढची बारा वर्षे तो हेच तीन स्वर आळवीत राहिला. पण आता बोलताना त्याचे अंग थरथरू लागले, आणि त्याचबरोबर ऐकणाऱ्यांचेही.

भरलेला घुमट

१४९० साली तो फ्लॉरेन्सला परतला, तो खुद्द लोरेन्झोच्या बोलावण्यावरून. पिको देल्ला मिरांदोला या तरुण पंडिताने त्याची शिफारस केली होती. सान मार्कोतली त्याची व्याख्याने ऐकायला एवढी माणसे लोटू लागली की, १४९१ च्या व्रतकाळात त्याला शहराच्या मुख्य चर्चमध्ये, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या त्या प्रचंड घुमटाखाली उभे करावे लागले. त्याच वर्षी तो सान मार्कोचा मठाधिपती झाला. नव्या मठाधिपतीने मेदिचींच्या वाड्यावर जाऊन मुजरा करण्याचा प्रघात होता. साव्होनारोला गेला नाही. आपली नेमणूक देवाने केली आहे, तेव्हा आभार मानायचे ते देवाचेच, अशी त्याची भूमिका.

एप्रिल १४९२ मध्ये लोरेन्झो मरणपंथाला लागला, तेव्हा त्याने याच संन्याशाला बोलावून घेतले. त्या भेटीच्या दोन कथा आहेत. लोरेन्झोचा आश्रित कवी पोलित्सियानो सांगतो की, संन्याशाने सांत्वन केले आणि आशीर्वाद दिला. साव्होनारोलाचे पुढचे भक्त सांगतात की, फ्लॉरेन्सला तिचे स्वातंत्र्य परत दे असे त्याने मागितले आणि लोरेन्झोने भिंतीकडे तोंड फिरवले. पहिली कथा प्रत्यक्ष घरात वावरणाऱ्याची असल्याने ती अधिक विश्वसनीय मानली जाते. परंतु लोकांच्या तोंडी बसली ती दुसरी. आणि लोकांना त्या माणसात काय दिसत होते, ते त्या दुसऱ्या कथेवरूनच कळते.

पुढच्या दोन वर्षांत त्याच्या प्रवचनांना भविष्यवाणीचे रूप आले. आल्प्स पर्वत ओलांडून एक राजा येईल आणि त्याच्या हातून देव इटलीला शासन करील, असे तो सांगे. आणि १४९४ च्या सप्टेंबरात फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स खरोखरच सैन्यासह आल्प्स उतरला! २१ सप्टेंबरच्या प्रवचनाचा विषय नोहाचा जलप्रलय. घुमटाखाली उभ्या असलेल्या पिकोसारख्या विद्वानाच्याही अंगावर काटा उभा राहिला. व्हिओली नावाचा एक लेखनिक ही प्रवचने ऐकता ऐकता उतरवून घेई. रडू आवरेना म्हणून पुढचे लिहिता आले नाही, अशी कबुली त्याच्या टिपणांत मधूनमधून सापडते. तरुण मायकेलअँजेलोने याच काळात त्याला ऐकले, आणि त्या जिवंत आवाजाची आठवण त्याला म्हातारपणीही होती, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. मूळचा आवाज लहान आणि रखरखीत होता, हे येथे पुन्हा लक्षात घ्यावे.

लोरेन्झोचा मुलगा पिएरो घाबरून फ्रेंचांना किल्ले देऊन बसला. ९ नोव्हेंबर १४९४ रोजी फ्लॉरेन्सकरांनी मेदिचींना शहराबाहेर घालवले. साव्होनारोला शिष्टमंडळातून राजाला भेटला. पुढे राजा सैन्यासह शहरात आला, तेव्हाही लूट न करता त्याने निघून जावे म्हणून रदबदली केली. शहर वाचले. आणि डिसेंबरात त्याच्याच आग्रहाने थोरले प्रतिनिधिमंडळ स्थापन झाले. सुमारे तीन हजार नागरिकांना त्यात बसण्याचा अधिकार मिळाला. त्या काळच्या युरोपात ही गोष्ट लहान नव्हती. त्यांच्यासाठी बांधलेले भव्य सभागृह फ्लॉरेन्सच्या जुन्या राजवाड्यात आजही पाहायला मिळते. राजकीय गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला अपील करता यावे, हा कायदाही त्याच्याच पुरस्काराने झाला. गरिबांना हलक्या व्याजाने कर्ज देणारी सार्वजनिक गहाणपेढी निघाली. चर्चच्या भ्रष्टाचाराविषयी तर तो बोलत होता ते उघड सत्य होते; पोपच्या गादीवर त्या वेळी सहावा अलेक्झांडर, म्हणजे रोद्रिगो बोर्जिया होता.

मात्र याच हाताने त्याने दुसरेही केले. समलिंगी संबंधांना अधिक कठोर शिक्षा मागितली. गहाणपेढी निघाली त्याच ओघात ज्यू सावकारांना शहराबाहेर काढण्याचा ठराव झाला. ज्याच्या अंतःकरणात इतकी आग असते, त्याची ऊब कोणाला आणि चटका कोणाला, हे तोच ठरवू लागतो.

शिमग्याची होळी

आता माझ्या विषयाकडे येतो. लोरेन्झोच्या काळी फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलात पगारी गवयांचा एक नामांकित ताफा होता. त्यात हाइन्रिख इझाक हा उत्तरेकडून आलेला मोठा रचनाकार होता. त्याने फ्लॉरेन्समध्येच लग्न केले होते, एका खाटकाच्या मुलीशी. लोरेन्झो वारला, तेव्हा पोलित्सियानोच्या शब्दांवर शोकगीत रचले ते त्यानेच. १४९३ मध्ये हा ताफा मोडला, आणि त्यामागे साव्होनारोलाच्या प्रवचनांचे वजन होते असे अभ्यासक मानतात. पुढच्याच वर्षी मेदिचींचाही आसरा गेला. इझाकला शेवटी जर्मन सम्राट मॅक्सिमिलियनच्या चाकरीत जावे लागले. दरबार जातो तेव्हा इतिहासकार राजाचे काय झाले ते लिहितात. गवयाच्या घरी दुसऱ्या दिवशी काय झाले असेल, ते आमच्यासारख्यांच्याच मनात येते.

साव्होनारोलाला संगीताचा द्वेष होता काय? नव्हता. त्याचा राग होता तो अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी गुंफून गाण्याच्या पद्धतीवर. गवई एकमेकांवर आवाज चढवतात आणि देवाचे शब्द कोणाला कळत नाहीत, असा त्याचा आक्षेप. आमच्या ख्यालगायकीवर कीर्तनकार मंडळी हेच बोट ठेवीत आली आहेत, आणि त्यात काहीच तथ्य नाही असे मी तरी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. त्याला हवी होती ती लाउदा, म्हणजे बोलीभाषेतली साधी भक्तिगीते, सर्वांनी मिळून गायची, आपल्या अभंग-पदांसारखी. काही त्याने स्वतःही रचली. आणि त्यांना चाली कोणत्या लावल्या गेल्या? पुष्कळदा कार्निव्हलच्या! कार्निव्हल म्हणजे तिकडचा शिमगा. लोरेन्झोच्या राज्यात ज्या चालींवर चावट गाणी रंगत, त्याच चालींवर आता पांढऱ्या वेषातील मुले ख्रिस्ताला शहराचा राजा म्हणून आळवू लागली.

ही मुले हा त्याच्या चळवळीचा प्राण होता. एरवी शिमग्यात दगडफेक करीत हिंडणारी पोरे त्याने गोळा केली, त्यांना शिस्त लावली, कॅथीड्रलात त्यांच्यासाठी खास पायऱ्यापायऱ्यांची बाके उभारली गेली. लांदुच्ची नावाच्या एका सरळमार्गी औषधविक्याने रोजनिशी लिहून ठेवली आहे. आपली मुलेही त्या मेळ्यात आहेत याचा त्याला केवढा अभिमान! पण हीच मुले टोळ्याटोळ्यांनी दारोदार जाऊन चैनीच्या वस्तू मागू लागली, आणि दाराशी आलेल्या पोराला नाही म्हणण्याची छाती सर्वांना होत नसे.

७ फेब्रुवारी १४९७, कार्निव्हलचा शेवटचा दिवस. शहराच्या मुख्य चौकात लाकडांचा उंच मनोरा रचलेला. त्याच्या सात थरांवर मुखवटे, खोटे केस, आरसे, अत्तरे, पत्ते, फासे, सोंगट्यांचे पट, बोकाचिओची पुस्तके, चित्रे. आणि ल्यूट, हार्प, इतर वाद्ये. व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याने या साऱ्या मालाला वीस हजार डुकाट देऊ केले, असे सांगतात; उत्तरादाखल त्याचेच चित्र काढून मनोऱ्यावर चढवण्यात आले. कर्णे वाजले, घंटा वाजल्या, मुलांनी गाणी म्हटली आणि चारी बाजूंनी आग लावण्यात आली.

बाच्चो देल्ला पोर्ता या तरुण चित्रकाराने आपली नग्नाकृतींची रेखाटने आपल्या हाताने आगीत टाकली, असे सांगतात. पुढे तो संन्यासी होऊन फ्रा बार्तोलोमेओ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि साव्होनारोलाचे करारी नाकाचे, काळ्या टोपीतले प्रसिद्ध चित्र त्याचेच आहे. त्या चित्रकाराच्या मनात त्या क्षणी दुःख नव्हते, हे मी समजू शकतो. उत्कट वाणीचा परिणामच असा असतो की, देणाऱ्याला आपण काही गमावतो आहोत असे वाटतच नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाटते.

एक मौन

या होळीनंतर तीन महिन्यांत पोपने त्याला धर्मबहिष्कृत केले. वाद जुनाच होता. १४९५ पासून पोप त्याला रोमला बोलावीत होता, प्रवचने बंद कर म्हणून बजावीत होता. कार्डिनलची लाल टोपीही देऊ केली होती असे म्हणतात. साव्होनारोलाने ती नाकारली आणि आपल्याला हुतात्म्याच्या रक्ताने लाल झालेली टोपी हवी, असे व्यासपीठावरून सांगितले. पण शहराचे दिवस फिरले होते. पिके बुडाली, उपासमार आली, १४९७ च्या उन्हाळ्यात साथ आली. त्याच्या भक्तांना विरोधक रडके म्हणत, आणि विरोधकांना भक्त पिसाळलेले म्हणत. एकाच घरात बाप रडका आणि मुलगा पिसाळलेला, अशी अवस्था झाली.

त्या ऑगस्टात मेदिचींना परत आणण्याच्या कटाबद्दल पाच प्रतिष्ठित नागरिकांना देहान्ताची शिक्षा झाली. त्यांतला बेर्नार्दो देल नेरो सत्तरी उलटलेला म्हातारा. त्यांनी अपील मागितले. साव्होनारोलानेच पुरस्कारलेला कायदा त्यांच्या बाजूने होता. त्याच्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी अपील फेटाळले आणि त्याच रात्री पाचही जणांची डोकी उडवली. साव्होनारोला काय बोलला? काहीच नाही. स्त्रियांच्या दागिन्यांपासून पोपच्या पापांपर्यंत ज्याने एकही गोष्ट बोलल्यावाचून सोडली नाही, तो या एका गोष्टीवर गप्प राहिला.

पुढे जे झाले, त्याचे कारण मॅकिआव्हेलीने आपल्या ग्रंथात सांगितले आहे, ते असे की, शस्त्र हाती नसलेला प्रेषित लोकांची श्रद्धा ढळताच उघडा पडतो. मॅकिआव्हेलीने १४९८ च्या मार्चमध्ये त्याची प्रवचने स्वतः ऐकली होती, तेव्हा त्याचे मत डावलता येत नाही. पण मला वाटते, पाया खचला तो त्या ऑगस्टच्या रात्री. ज्याचे सारे राज्य वाणीवर उभे आहे, त्याचे मौन हे इतरांच्या मौनासारखे नसते; तेही त्याचे भाषणच ठरते, आणि लोक ते ऐकतात.

अग्निदिव्य

मार्च १४९८ मध्ये एका फ्रान्सिस्कन साधूने आव्हान दिले : साव्होनारोला खरा असेल, तर त्याने आगीतून चालून दाखवावे. साव्होनारोलाला हे मनातून आवडले नव्हते. पण गेली सात वर्षे तो देवाच्या हस्तक्षेपाविषयी बोलत आला होता. आता तो लोकांसमोर येऊ द्या, या मागणीला नाही कसे म्हणायचे? आम्ही गाणारे जाणतो की, मैफल रंगवण्यासाठी जो रोज पट्टी चढवीत नेतो, त्याच्या वाट्याला एक दिवस असा येतो की, श्रोते त्याच्याही वरची पट्टी मागतात आणि ती गळ्यात नसते. त्याचा निष्ठावंत शिष्य फ्रा दोमेनिको गुरूच्या वतीने आगीत शिरायला आनंदाने पुढे झाला.

७ एप्रिल १४९८. होळीच्याच चौकात लाकडांच्या दोन लांब राशी, मधून एका माणसाला जाण्याएवढी वाट. सारे शहर लोटलेले. आणि दोन्ही पक्षांचे साधू वाद घालीत बसले : अंगावरचे कपडे मंतरलेले तर नाहीत? क्रूस हातात घेता येईल का? पवित्र प्रसाद बरोबर नेला तर चालेल का? तासांमागून तास गेले, वळवाची सर आली, दिवस मावळला, आणि अग्निदिव्य रद्द झाल्याचे जाहीर झाले. हटून बसलेले दोन्ही पक्ष होते. पण लोकांचा राग कोसळला तो ज्याच्याकडून चमत्काराची आशा होती त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी, पाम संडेला, जमावाने सान मार्कोवर हल्ला चढवला. मठातल्या कोणीतरी मदतीसाठी घंटा बडवायला सुरुवात केली. साव्होनारोला, दोमेनिको आणि सिल्व्हेस्त्रो हे तिघे कैद झाले. हात पाठीमागे बांधून दोरीने वर खेचायचे आणि खाली सोडायचे, असा छळ त्याला पुनःपुन्हा सोसावा लागला. छळात तो कबूल होई, छळ थांबला की कबुली मागे घेई. शेवटी लेखनिकाने फिरवून लिहिलेला एक कबुलीजबाब १९ एप्रिलला थोरल्या प्रतिनिधिमंडळाच्या सभागृहात, त्याच्याच खटपटीने उभ्या झालेल्या त्या सभागृहात, वाचला गेला. आपण प्रेषित नव्हतो, असे त्यात होते. तो औषधविक्या लांदुच्ची श्रोत्यांत बसलेला होता. नव्या जेरुसलेमची वाट पाहणाऱ्या त्या साध्या माणसाचे सारे घर एका वाक्यासरशी कोसळले. साव्होनारोलाच्या यातनांइतकेच मला लांदुच्चीचे ते ऐकणे जड वाटते.

२३ मे १४९८ रोजी तिघांना चौकात फाशी देऊन त्यांचे देह जाळण्यात आले. अस्थी कोणी पूजेला नेऊ नयेत म्हणून राख आर्नो नदीत टाकली. साव्होनारोला त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचा होता.

घंटा आणि गाणे

त्या हल्ल्याच्या रात्री वाजलेल्या सान मार्कोच्या घंटेवरही खटला चालला! तिला मठावरून उतरवले, रस्त्यातून फटके मारीत नेले आणि पन्नास वर्षांसाठी शहराबाहेर हद्दपार केले. अकरा वर्षांनी ती परत आली; आज ती सान मार्कोच्या संग्रहालयात आहे. हसण्यासारखीच गोष्ट, पण मला हसू येत नाही. होळीत वाद्ये जाळणारे एका बाजूचे, घंटेला फटके मारणारे दुसऱ्या बाजूचे. निर्जीव नादावर सूड उगवण्याची बुद्धी दोघांचीही एकच.

मेदिची १५१२ मध्ये परत आले. म्हातारा इझाकही फ्लॉरेन्सला परतला आणि १५१७ मध्ये तेथेच वारला. साव्होनारोलाची लाउदा गुप्तपणे गाणारी घरे मात्र कितीतरी वर्षे टिकून होती.

आणि शेवटी एक गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. छळ करताना त्याचा उजवा हात तेवढा सही करण्यासाठी शाबूत ठेवला होता. त्या हाताने त्याने कोठडीत, मरणापूर्वीच्या दिवसांत, पश्चात्तापाच्या स्तोत्रावर एक चिंतन लिहिले. त्यात भविष्यवाणी नाही, धमकी नाही, शहराला उपदेश नाही. श्रोता उरला आहे तो एक देव, आणि बोलणारा म्हणतो ते आपल्याच चुकीविषयी. ते चिंतन युरोपभर छापले गेले. फेराराचा ड्यूक एर्कोले त्याचा चाहता. त्याच्या दरबारात १५०३ च्या सुमारास जोस्कँ दे प्रे या थोर रचनाकाराने त्या स्तोत्राची जी प्रसिद्ध रचना केली, तिला याच चिंतनाची प्रेरणा होती असे संगीताचे अभ्यासक मानतात. चिंतनाच्या आरंभीचे शब्द घेऊन पुढे विलार्टने रचना केली, लासुसने केली, आणि १५९१ मध्ये इंग्लंडात विल्यम बर्डने केली.

बर्डची ती रचना मी ध्वनिमुद्रणावर पुष्कळदा ऐकली आहे. सहा स्वरपंक्ती एकमेकींत शिरतात, एकमेकींना वाट देतात, आणि त्यांतून शब्द हळूहळू वर येतो. घुमटाखालच्या हजारोंना रडवणारा तो रखरखीत आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. तो व्हिओलीच्या टिपणांतही सापडत नाही. ज्या तऱ्हेच्या गाण्यात देवाचे शब्द हरवतात म्हणून त्याने गवयांचे तोंड बंद केले होते, त्याच तऱ्हेच्या गाण्यात त्याचे शेवटचे शब्द राहिले. गवयांनी त्याच्याशी झालेला हिशेब असा चुकता केला. वडील असते, तर त्यांनी त्या ध्वनिमुद्रणालाही आधी हात जोडले असते, आणि मग ते ऐकले असते.